पत्ता हरवलेला जीवाश्म

१/ 'हौशी' हा शब्द शिवीसारखा वापरण्याची सवय मराठीत अलीकडे रुजली आहे. जीवाश्मांच्या चर्चेत ती विशेष जाणवते. एखाद्या तरुणाने शेतात सापडलेल्या अश्मीभूत शिंपल्याचे छायाचित्र टाकले की एक पक्ष बजावतो, "हे तज्ज्ञांचे काम, हौशी मंडळींनी हात लावू नये." दुसरा पक्ष उसळून म्हणतो, "ज्याला सापडले त्याचे ते, विचारणारे तुम्ही कोण?" दोन्ही पक्ष चुकतात. दोघांनाही खोटे पाडणारा पुरावा जबलपूर-नागपूरच्या टेकड्यांतून पावणेदोनशे वर्षांपूर्वीच बाहेर आला आहे. #धागा

२/ आधी जबलपूर, सन १८२८. विल्यम हेन्री स्लीमन हे नाव इतिहासाच्या वाचकांना ठगांच्या बंदोबस्तामुळे ठाऊक असते. हा लष्करी अधिकारी फावल्या वेळात अश्मीभूत लाकूड गोळा करी. त्या नादात बडा शिमला टेकडीवर त्याला काही हाडे मिळाली. ती कोणत्या प्राण्याची, हे त्याला सांगता येईना. त्याने ती जबलपुरातील डॉक्टर स्पिल्सबरी यांच्या स्वाधीन केली आणि स्पिल्सबरींनी १८३२ मध्ये ती कोलकात्यास जेम्स प्रिन्सेपकडे पाठविली.

३/ होय, तोच प्रिन्सेप, ज्याने पुढे पाच वर्षांनी अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपी उलगडली. स्लीमन सैनिक, स्पिल्सबरी शल्यवैद्य, प्रिन्सेप टांकसाळीतील धातुपरीक्षक. तिघांपैकी एकही व्यवसायाने भूवैज्ञानिक नव्हता. 'डायनोसॉर' हा शब्दच मुळी रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये घडविला. भारतातील डायनोसॉरची पहिली हाडे या हौशी मंडळींत हातोहात फिरत होती, तेव्हा त्या प्राणिकुळाला जगात नावसुद्धा नव्हते.

४/ या हाडांना नाव मिळाले १८७७ मध्ये. रिचर्ड लायडेकरने शेपटीच्या मणक्यांवरून 'टायटनोसॉरस इंडिकस' ही जात जाहीर केली. पुढे संशोधकांनी ती जात म्हणून ग्राह्य धरली नाही, तरी 'टायटनोसॉर' हे साऱ्या गटाचे नाव जगभर टिकले आहे. शोध आणि नामकरण यांत एकोणपन्नास वर्षे गेली. एवढ्या काळात ही हाडे 'जबलपूरची' म्हणून ओळखली जात राहिली. ज्याला वस्तू कळली नाही त्यानेही तिचे ठिकाण पुढच्या माणसाला सांगितले, हेच या साखळीचे सारे मर्म.

५/ याच गोष्टीला एक उपकथानक आहे. लायडेकरने वर्णिलेली ती हाडे पुढे कोलकात्याच्या संग्रहांत कोठेतरी गहाळ झाली. अनेक दशके ती नाहीशी झाली असेच धरले जाई. २०१२ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्यातील संग्रहात त्यांपैकी एक मणका पुन्हा ओळखला गेला. ओळख पटली ती जुन्या छापील वर्णनावरून आणि चित्रांवरून. वस्तू कपाटात हरवली होती, तिची माहिती मात्र ग्रंथालयांत शाबूत होती.

६/ आता नागपूर. येथील नायक स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटलंडचा मिशनरी. १८४५ मध्ये तो भोसल्यांच्या नागपुरात आला. हिस्लॉप कॉलेजमुळे त्याचे नाव विदर्भात आजही घरोघरी आहे, परंतु त्या नावाचा माणूस सवड मिळेल तेव्हा हातोडी घेऊन टेकड्या पालथ्या घालीत असे, हे फारसे कोणाला आठवत नाही. त्याच्या धर्मप्रसाराविषयी ज्याचे जे मत असेल ते असो. येथे प्रश्न त्याच्या नोंदवहीचा आहे.

७/ हिस्लॉप आणि त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांना नागपूरजवळ टाकळी येथे काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये दबलेला एक पातळसा गाळाचा थर आढळला. त्यात गोड्या पाण्यातील शंख-शिंपले होते, फळे व बिया होत्या, कीटकांचे कठीण पंखसुद्धा होते. सीताबर्डीच्या टेकडीतही तोच क्रम दिसला: खाली कातळ, मध्ये गाळ, वर पुन्हा कातळ. १८१७ च्या भोसले-इंग्रज लढाईसाठी प्रसिद्ध असलेली टेकडी ती हीच. तोफा कोठे मांडल्या होत्या हे इतिहासप्रेमींना पाठ असते, तोफांखाली काय होते हे मात्र क्वचितच.

८/ या मधल्या थराला भूवैज्ञानिक 'इंटरट्रॅपियन' म्हणतात. दख्खनचा लाव्हा एकाच वेळी वाहिला नाही. एक लोट येऊन थिजला, त्यावर काळ गेला, खळग्यांत तळी साचली, काठाने झाडे वाढली, गोगलगायी व बेडूक नांदू लागले. मग पुढचा लोट आला आणि तळे झाकले गेले. ही सारी घडामोड साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची, म्हणजे डायनोसॉर संपले त्या संधिकाळाची. म्हणून टाकळीचा एखादा शंख केवळ शंख नसतो. तो दोन लाव्हांच्या मधला साक्षीदार असतो. कोणत्या दोन लाव्हांच्या, हे ठाऊक नसेल तर त्याची साक्ष बाद.

९/ मुंबईतही हाच प्रकार. वरळीच्या टेकडीतील अशाच थरात चिमुकले अश्मीभूत बेडूक मिळाले. जी. टी. क्लार्क या अभियंत्याने मुंबईच्या भूरचनेवर निबंध पाठविला आणि त्याला जोड म्हणून ओवेनने १८४७ मध्ये त्या बेडकांचे वर्णन छापले. त्याच वरळीचे एक कासव डॉक्टर लीथ यांना मिळाले आणि १८५२ मध्ये एच. जे. कार्टर या मुंबईतील दुसऱ्या डॉक्टरने ते शास्त्रात आणले. एक अभियंता, दोन डॉक्टर. वरळीवर आज सिमेंटचे जंगल उभे आहे. तो थर पुन्हा पाहायचा म्हटले तरी बहुतेक ठिकाणी पायाखालीच गाडलेला. उरले आहेत ते या हौशी माणसांनी 'वरळी' अशी चिठ्ठी लावलेले नमुने.

१०/ पुन्हा हिस्लॉपकडे, कारण त्याने पुढे जे केले ते आजच्या संग्राहकांपैकी थोडेच करतात. त्याने नमुने घरात सजविले नाहीत. मांगलीच्या खाणीतील एका उभयचराची कवटी ओवेनकडे गेली. कामठीजवळच्या सिलेवाड्याची अश्मीभूत पाने चार्ल्स बनबरीकडे गेली. टाकळीचे कीटक अँड्र्यू मरेने तपासले. मांगलीचे सूक्ष्म कवचधारी जीव रूपर्ट जोन्सने अभ्यासले आणि १८६२ मध्ये त्यांपैकी एका जातीला गावाचेच नाव दिले, 'मांगलिएन्सिस'. ज्याला जे कळते त्याच्याकडे ते पाठवावे, असा हा साधा व्यवहार. शंख-शिंपल्यांचे वर्णन मात्र त्याने स्वतः १८६० मध्ये छापले.

११/ सिलेवाड्याची ती पाने पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासची, 'ग्लॉसोप्टेरिस'च्या वनराईतली. हीच पाने आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, दक्षिण अमेरिकेत, अंटार्क्टिकातही मिळतात. हे भूखंड एके काळी जोडलेले होते, या सिद्धांताच्या आधारस्तंभांपैकी ती एक आहेत. त्या प्राचीन महाखंडाचे 'गोंडवन' हे नावसुद्धा गोंडांच्या प्रदेशावरून पडले. 'कामठी' हे गावाचे नाव भूविज्ञानात एका शैलसमूहाचे नाव होऊन बसले आहे.

१२/ येथे तज्ज्ञपक्षाचा आवडता आक्षेप येतो: "हिस्लॉपने थरांचे वय चुकीचे सांगितले." सांगितले खरे. १८६० च्या निबंधात त्याने हे थर डायनोसॉरांच्या नंतरच्या कालखंडात टाकले. आज त्यांपैकी बरेचसे डायनोसॉर-युगाच्या अगदी शेवटाचे मानले जातात. पण ही दुरुस्ती कशी शक्य झाली? कोणता शंख कोणत्या गावाजवळ, कोणत्या कातळाच्या वर आणि कोणत्या कातळाच्या खाली मिळाला, हे त्याने लिहून ठेवले होते म्हणून. निष्कर्ष चुकला तरी नोंद टिकली. आणि या प्रश्नावर तो एकटा चुकला असेही नाही. या थरांच्या वयाचा वाद विसाव्या शतकातही मोठमोठ्या पदवीधरांमध्ये रंगला होता.

१३/ याउलट उदाहरण हवे तर पदवीधरांचेच घ्यावे. पंजाब विद्यापीठातील विश्वजित गुप्ता हे हिमालयाच्या जीवाश्मांचे नामांकित तज्ज्ञ समजले जात. सुमारे पाव शतक त्यांचे निबंध देशी-विदेशी सहलेखकांसह छापले जात होते. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी 'नेचर' या नियतकालिकात उघड केले की 'हिमालयातले' म्हणून दाखविलेले काही नमुने मोरोक्कोचे होते, काही न्यूयॉर्क राज्यातले. जीवाश्म अस्सल होते. खोटा होता तो पत्ता.

१४/ या एका खोटेपणाने हिमालयाच्या भूविज्ञानातील अनेक निष्कर्ष संशयाच्या सावटाखाली आले. त्या निबंधांवर विसंबून इतरांनी जे लिहिले तेही तपासून पाहावे लागले. हाती पदवी, प्रयोगशाळा आणि विद्यापीठ सारे असताना हे घडले. तेव्हा 'तज्ज्ञ' आणि 'हौशी' अशी रेघ ओढून शुचितेचे वाटप करणाऱ्यांनी आधी टाकळीची नोंदवही आणि चंदीगडचे निबंध शेजारी ठेवून पाहावेत. विश्वास पदवीवर ठेवायचा नसतो, नोंदीवर ठेवायचा असतो.

१५/ नोंद काय करू शकते याचा सर्वांत सुंदर दाखला चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यातील पिसदुरा येथे आहे. येथे डायनोसॉरची हाडे मिळतात आणि त्यांच्याबरोबर मिळते त्यांची अश्मीभूत विष्ठा. हिस्लॉपने येथूनही हाडे जमविली होती. विष्ठेचे हे गोळे दिसायला सामान्य गोट्यांसारखे. नजर तयार नसेल तर पायाने उडवून द्यावेत असे.

१६/ २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोळ्यांतून वनस्पतींचे सूक्ष्म सिलिकाकण वेगळे केले. ते गवताचे निघाले, तेही एकाच नव्हे तर निदान पाच प्रकारच्या गवतांचे. तोपर्यंत समजूत अशी होती की गवताचा विस्तार डायनोसॉर गेल्यानंतरचा. पिसदुऱ्याच्या विष्ठेने ती मोडली. भात, ज्वारी, गहू ज्या कुळात येतात त्या कुळाचा इतिहास विदर्भातील एका गावच्या 'गोट्यां'नी बदलला. 'सायन्स' या नियतकालिकाने तो छापला.

१७/ आता कल्पना करावी की हे गोळे एखाद्या दिवाणखान्यातील काचेच्या कपाटात आहेत आणि खाली चिठ्ठी आहे: 'डायनोसॉरचे शेण, महाराष्ट्र'. ते कोणत्या थरातले? त्या थरात आणखी काय आहे? वय किती? काहीच सांगता येणार नाही. वस्तू तीच, चमत्कार शून्य. आज छायाचित्रांखाली जी दाद मिळते, 'वा!', 'अप्रतिम!', 'किती कोटी वर्षांचे?', तिच्यात 'कोठल्या थरातले?' हा प्रश्न विचारणारा शंभरात एखादा असतो. त्या एकाला उत्तर मिळते: "गुपित आहे."

१८/ या 'गुपिता'ची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे, कारण ती पूर्ण पोकळ नाही. गुजरातेतील रायोली येथे १९८० च्या दशकाच्या आरंभी डायनोसॉरची अंडी व हाडे उजेडात आली आणि कुंपण पडण्यापूर्वी तेथून बरेच काही नाहीसे झाले. अचूक ठिकाण चव्हाट्यावर मांडणे म्हणजे लुटारूंना वाट दाखविणे, ही भीती खरी आहे. पण चव्हाट्यावर न सांगणे वेगळे आणि कोणालाच न सांगणे वेगळे. जगासाठी जिल्ह्याचे नाव पुरे. गट क्रमांक, थर आणि मोजमाप संशोधकाकडे, संग्रहालयाकडे आणि स्वतःच्या वहीत गेलेच पाहिजे. जो तेही करीत नाही तो स्थळाचे रक्षण करीत नसतो, आपल्या मक्तेदारीचे करीत असतो.

१९/ विक्री म्हणजेच पाप, असेही नव्हे. इंग्लंडच्या लाइम रीजिस गावची मेरी ॲनिंग जीवाश्म विकूनच पोट भरी. १८२३ मध्ये तिने प्लेसिओसॉरचा पहिला पूर्ण सांगाडा खडकातून काढला. तिच्या कड्यांतून निघालेले नमुने कोठले हे सर्वांना ठाऊक होते, म्हणून शास्त्राचे नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते तिचे: विकत घेणाऱ्या विद्वानांनी निबंधांत तिचे नाव बहुधा गाळले. आजच्या बाजारात याच्या उलट घडते. विकणाऱ्याचे नाव ठळक असते आणि खडकाचे नाव गाळलेले.

२०/ तिसरा आक्षेप देशाभिमानाचा आहे. "हिस्लॉप, स्लीमन हे कसले हौशी? परकीय सत्तेच्या छत्राखाली आपली संपत्ती लंडनला नेणारे ते." यातील अर्धी गोष्ट खरी. नमुने समुद्रापार गेले, नावे तिकडच्या विद्वानांनी दिली. आणि एक अन्याय याहून खोल आहे: त्या निबंधांत गावांची नावे ठायी ठायी सापडतात, गावकऱ्यांची नाहीत. खाणीत दगड फोडणाऱ्या मजुराच्या, वाटाड्याच्या हाताशिवाय हे संग्रह झाले असते हे कोणीही मानणार नाही. त्यांच्या नावाची रेघ चिठ्ठीवर कोरीच राहिली.

२१/ परंतु या संतापाचा शेवट "म्हणून आता आम्ही घरात ठेवणार" असा होत असेल, तर तो देशाभिमान नव्हे. लंडनमधील नमुन्यावर 'पिसदुरा' लिहिलेले असते, म्हणून भारतीय संशोधक नेमक्या त्या शिवारात जाऊन पुढचे पान लिहू शकतो. पुण्या-नागपुरातील कपाटात चिठ्ठीविना पडलेला नमुना देशात असूनही देशाला उपयोगाचा नाही. वसाहतकाळाची चूक सुधारायची तर चिठ्ठीवर एक ओळ वाढवावी लागेल: दाखविणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने. चिठ्ठीच फाडून टाकल्याने ती सुधारत नाही.

२२/ हौशींना बोल लावून संस्थांना मोकळे सोडणे मात्र अन्यायाचे होईल. गावातल्या शिक्षकाला अश्मीभूत लाकडाचा ओंडका सापडला तर त्याने तो कोणाला कळवावा, हे आज त्याला कोण सांगते? डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय खाण मंत्रालयाने भूवारसा-स्थळांच्या जतनाचा मसुदा पुढे ठेवला, तेव्हा सारे अधिकार एकाच खात्याकडे एकवटतील अशी टीका झाली. टीका रास्त होती. ज्या कायद्यात शोधणाऱ्याला फक्त संशयित म्हणून स्थान असेल, तो कायदा शोध थांबवणार नाही. लोक शोध लपवू लागतील, एवढाच फरक पडेल.

२३/ स्लीमनच्या काळी हौशी माणसाला पत्ता ठाऊक होता. एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाचा संपादक प्रिन्सेप स्वतः पत्रांना उत्तरे देई, दूरदूरच्या छावण्यांतून आलेल्या नोंदी छापी. मद्रास सैन्यातील वैद्य माल्कमसन याने निर्मळच्या बाजूच्या डोंगरांतून जे शंख जमविले, त्यांपैकी एकाला १८४० मध्ये प्रिन्सेपचे नाव मिळाले: 'फायसा प्रिन्सेपी'. हाच शंख पुढे इंटरट्रॅपियन थरांची ओळखखूण ठरला. शास्त्रात नाव अजरामर व्हायला स्वतः खणावे लागत नाही, इतरांच्या पत्रांना उत्तर देणेही पुरते. आजच्या किती विभागप्रमुखांच्या नावाने शंख निघेल?

२४/ हिस्लॉपचा शेवट ४ सप्टेंबर १८६३ रोजी झाला. टाकळघाटची शिळावर्तुळे, म्हणजे महापाषाणयुगीन दफनांची जागा, पाहून परतताना बोरीजवळ पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. वय पंचेचाळीस. त्याने आदिवासी समाजांविषयी जमविलेली टिपणे अपुरी होती. ती रिचर्ड टेंपलने संपादून १८६६ मध्ये छापली. माणूस अचानक गेला तरी काम हाती लागले, कारण ते कागदावर होते.

२५/ महाराष्ट्रात आज असे कितीतरी संग्राहक आहेत ज्यांचे काम कागदावर नाही. निवृत्त शिक्षक, खाणीवरचे जुने पर्यवेक्षक, विहिरी खोदणारे कंत्राटदार, डोंगर भटकणारे डॉक्टर. त्यांच्या खोक्यांतील प्रत्येक दगडाचा पत्ता अजून आहे, पण तो फक्त त्यांच्या आठवणीत. कोणती विहीर, किती हात खोलीवर, कातळ लागण्याआधी की नंतर, हे सारे ते आजही सांगू शकतात. ज्या खाणींतून ते दगड आले, त्यांपैकी काही बुजल्या, काही पाण्याने भरल्या, काहींवर वसाहती उठल्या. तेथे पुन्हा जाऊन तपासता येणार नाही.

२६/ ही माणसे सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्यानंतर खोकी भंगारात जातील किंवा बागेतील कुंडीभोवती मांडली जातील. ज्या तरुणांना नवे जीवाश्म शोधायला डोंगरात जायचे आहे, त्यांनी या पावसाळ्यात घरीच थांबून एखाद्या अशा आजोबांसमोर बसावे. एकेक दगड उचलून विचारावे आणि लिहावे: गाव, विहीर किंवा खाण, थर, खोली, वर्ष, दाखविणाऱ्याचे नाव. दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक वहीत टाकावा. वहीची एक प्रत जवळच्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागात पोहोचवावी आणि पोच मागून घ्यावी.